दहा विठ्ठलांचं पान

मच्छिंद्र स्पीकरवाल्याला कीर्तनाचं वेड होतं, आणि त्या वेडातूनच त्याचा धंदा उभा राहिला होता. तिसगावात किंवा आसपासच्या वस्त्यांवर सप्ताह असला, की दोन कर्णे, एक ॲम्प्लिफायर, दांड्याचा माईक आणि वायरींचं पोतं घेऊन तो हजर. बुवा उभे राहिले की हा खांबाला टेकून बसायचा, एक हात बटणावर. बुवांचा स्वर चढायच्या आधीच ह्याची बोटं आवाज उतरवून मोकळी. डोळे मिटलेले, ओठ पुटपुटत असलेले, आणि बोटं मात्र जागी. मच्छिंद्रचा कर्णा शीळ घालत नाही, असं माळकरी मंडळी कौतुकानं म्हणायची.

पण गावच्या सप्ताहांवर वर्ष निघत नव्हतं. दिवाळी सरली की कर्णे पोत्यात गुंडाळून आढ्याला टांगायचे आणि तो आणि त्याची बायको लंकाबाई ऊसतोडीला निघायचे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा मुकादमाचा हिशेब. यंदा, नव्याण्णव साली, घरात एक गोष्ट वेगळी होती. लेक सविता बारावी होऊन पाथर्डीला कॉम्प्युटरच्या क्लासला जात होती. आईबाप फडावर गेले तर वयात आलेली पोर घरात एकटी कशी ठेवायची? म्हणजे तिलाही पाचटात नेऊन बसवायची, आणि क्लास तिथंच संपला.

ह्यातून सुटायची एकच वाट त्याला दिसत होती, ती जामखेडच्या अंगाला जात होती. तिकडे थंडीत एका गावचा सप्ताह उठला की दुसऱ्या गावचा बसतो. मागल्या वर्षी तिकडचे सप्ताह ठरवणारे गोरखतात्या तिसगावच्या काल्याला आले होते. त्यांना आवाज आवडला. "कार्ड आहे का तुमचं?" म्हणून त्यांनी विचारलं. मच्छिंद्रकडे कसलं कार्ड? त्यानं बुक्क्याच्या पुडीचा कागद उलगडून त्यावर नाव आणि फोन लिहून दिला. कागद तात्यांच्या खिशात काळा झाला आणि त्यातला मच्छिंद्रही काळा झाला. सगळे सप्ताह नगरच्या एका साऊंडवाल्याला गेले. पुढे तात्यांचा भाचा बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, "मामा लई हुडकत हुते तुमाला. काय वाचताच येईना त्या कागदावरलं."

ही गोष्ट मच्छिंद्रच्या काळजात वर्षभर रुतून बसली होती. आता पुन्हा सप्ताह उभा होता, उद्या काला होता, आणि तात्या येणार होते. आप्पासाहेब मुकादम गेले आठ दिवस रोज पाराशी गाठून विचारत होता, "मच्छिंद्रा, तुझा कोयता धरू का नको? गाडीत जागा राखायला लागती."

"काल्याच्या परसादानंतर सांगतो, मुकादम."

"मंग नक्की सांग. त्यानंतर मी थांबायचा न्हाई."

कार्डाची युक्ती सविताची. छापखान्यात द्यायचं तर आठवडा लागतो, आणि शंभराच्या खाली ते हातच लावत नाहीत. "आमच्या क्लासात काढता येतात, दादा," ती बापाला म्हणाली. "संदीप सर म्हनले, वडिलांना घेऊन ये."

क्लास कापड दुकानाच्या माडीवर होता. दाराशी चपलांची रांग. कॉम्प्युटरच्या खोलीत अनवाणी जायचं, हा नियम मच्छिंद्रला फार पटला. त्यानं आत पाऊल टाकताना नकळत उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. संदीप सर तरुण, चष्म्याचे, बोलायला मऊ.

"हे ऑफिसचं सॉफ्टवेअर फुकट आलंय, काका. मासिकाबरोबर सीडी मिळाली. ह्यात पत्रं लिहा, हिशेब करा, कार्डं काढा, काय वाट्टेल ते."

"फुकट?" मच्छिंद्रनं विचारलं. "न्हाई, म्हंजे नंतर कोन मागाया-बिगाया न्हाई ना येनार?"

"नाही हो. कंपनीच वाटतीय. अन्नदान समजा."

अन्नदान म्हटल्यावर तो जरा सैल झाला. तरी स्टुलाच्या टोकावरच टेकला, वेळ आली तर उठता यावं म्हणून.

सवितानं नवीन कार्ड असं काहीतरी निवडलं आणि पडद्यावर एक पांढरं पान आलं. त्यावर फिकट करड्या रेघा, दोन-दोनच्या पाच ओळींत दहा चौकोन. "एकात लिहायचं, दादा. मग हे बटन दाबलं की बाकीच्यात आपोआप उतरतं."

"म्हंजे बुवांनी चाल धरली की टाळकरी उचलत्यात तसं."

"तसंच."

मराठी अक्षरं कुठल्या बटणावर आहेत त्याचा तक्ता भिंतीला चिकटवलेला. त्याच्याकडे मान वर करून बघत, एकेक बोट टाकत सवितानं लिहिलं: मच्छिंद्र स्पीकरवाले, तिसगाव. कीर्तन, भारूड, सप्ताहासाठी माईक व कर्णे मिळतील. खाली समोरच्या कानिफनाथच्या एसटीडी बूथचा नंबर, पुढे पी.पी., म्हणजे फोन शेजाऱ्याचा. मराठी अक्षरांच्या सीडीत लग्नपत्रिकेची चित्रं होती. कलश, सनई, गणपती. आणि त्यांच्या शेवटी, कमरेवर हात ठेवून, विठ्ठल.

"ह्यो घे," मच्छिंद्र एकदम म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

सवितानं चित्र डाव्या कोपऱ्यात बसवलं, सुपारीएवढं.

"अगं, म्हाताऱ्या मानसाला दिसाया पायजे. जरा मोठा कर."

तिनं केला.

"आनखी थोडा."

"दादा, बास की."

"पाय दिसंना झालेत नीट. पायाशिवाय कसलं दर्शन? अजून वाईच."

संदीप सर तेवढ्यात खाली गेले होते, कापडवाल्याचा जनरेटर चालू आहे का ते बघायला. बल्ब पिवळा पडत चालला होता आणि कॉम्प्युटरखालचा बॅटरीचा डबा टीं टीं करायला लागला होता.  लाईट जाणार, हे मच्छिंद्रला ॲम्प्लिफायरच्या सवयीनं आधीच कळत होतं. सवितानं चित्र ताणलं. विटेवरची पावलं स्पष्ट दिसायला लागली. खालची करडी रेघ चित्राच्या मागे झाकली गेली, ती दोघांनीही पाहिली नाही.

"आता काढ. लौकर काढ, बाय."

प्रिंटर कुरकुरला. जाड कागद ओढताना तो असा काही कण्हला, की मच्छिंद्र उठून उभाच राहिला. मग पहिलं पान बाहेर आलं. पानभर विठ्ठल. त्यानं दोन्ही हातांची ओंजळ करून ते घेतलं, तीर्थ घ्यावं तसं. एकामागून एक पानं येत राहिली. शेवटच्या पानावर निळी शाई विरत गेली, प्रिंटरवर लाल दिवा लागला, आणि पान पुरतं बाहेर आलं न आलं तोच लाईट गेली.

"शाई संपली बघा," वर आलेले सर शेवटचं फिकट पान बघत म्हणाले. "पण झालं ना काम? मी आता सासुरवाडीला निघतोय. परवा उघडेन. घरी पट्टी लावून ब्लेडनं कापा, सोपंय."

घरी लंकाबाईनं जमीन सारवून ठेवली होती, जसं काही पूजेलाच बसायचंय. पोळपाटावर पान ठेवलं. सवितानं मापाच्या खुणा केल्या, स्टीलची पट्टी आडवी टेकवली, ब्लेड उचललं, आणि तशीच थांबली.

"काय झालं?" मच्छिंद्रनं विचारलं.

"दादा, रेघ हितून जातीय."

त्यानं वाकून पाहिलं. पट्टी बरोबर विठ्ठलाच्या घोट्यावर आडवी पडली होती. वीट आणि पावलं खालच्या कार्डात, बाकीचा देव वरच्या. पानभर तसंच. प्रत्येकाची पावलं खालच्याच्या मुकुटाला टेकलेली.

 दूर पारावर हरिपाठ चालला होता, मच्छिंद्रचेच दोन कर्णे तो आवाज इथवर आणत होते.

"पट्टी वाईच खाली घे," लंकाबाई म्हणाली.

"खाली घेतली तर दुसऱ्याचा मुकुट तुटतो, आई."

"मंग ही तळाची दोन तरी काप. ह्यांचे पाय हायेत की पुरते."

"ती कापली तर वरच्या दोघांचे पाय ह्यांच्याकडं येत्यात," मच्छिंद्र म्हणाला.

लंकाबाईला राग आला. काळजीचा राग होता तो. "आवं, कागद हाय त्यो! उद्या तात्या यायचेत. मुकादमाला जबाब द्यायचाय. घोट्यापाशी कापला म्हनून काय देव लंगडा हुनार हाय?"

"मंग तू काप."

त्यानं ब्लेड तिच्यापुढे धरलं. लंकाबाईनं ते हातात घेतलं, पानाकडे पाहिलं, पदर डोक्यावर ओढला, आणि ब्लेड पोळपाटाच्या कडेला ठेवून चुलीकडे निघून गेली. "मला सैपाक हाय," एवढंच म्हणाली.

मच्छिंद्र पानांपुढे मांडी घालून बसून राहिला. त्याची ही अवस्था लोकांना हसण्यासारखी वाटेल, पण ज्यानं जन्मभर कीर्तनात त्या पावलांचं वर्णन ऐकलंय, त्यानं त्यावर ब्लेड कसं फिरवावं? आणि चूक दुसऱ्या कुणाची म्हणावी तर तेही नाही. अजून थोडा, अजून वाईच, असं तोच म्हणत होता. हातात देव मोठा करायची कळ आली, तर भान राहिलं नाही. आता हे कापता येईना, टाकता येईना. शेवटच्या पानावर तर तळाच्या दोन विठ्ठलांची पावलं शाईअभावी उमटलीच नव्हती. खंडित चित्र घरात ठेवू नये म्हणतात. नदीत सोडावं, तर ओढ्याला पाणी कुठं होतं?

"मी वहीच्या कागदावर नंबर लिहून देऊ का, दादा?" सविता हळूच म्हणाली.

त्याला बुक्क्याचा कागद आठवला.  त्यानं पानं एकावर एक ठेवली, लंकाबाईच्या धुतलेल्या लुगड्यात गुंडाळली आणि ॲम्प्लिफायरच्या घरी राहिलेल्या पेटीत, झाकणाच्या आत उभी करून ठेवली.

काल्याला मांडव भरून गेला. गोरखतात्या पुढच्या रांगेत, पांढरा फेटा, कपाळाला गंध. त्यांच्या पलीकडे नगरचा साऊंडवाला, इस्त्रीचा शर्ट, खिशातून चकचकीत कार्डांची गड्डी डोकावणारी. कीर्तन सुरू व्हायच्या आधीच तो माणसामाणसाला हात जोडत कार्ड देत फिरला. एक तात्यांनाही दिलं. तात्यांनी ते वाचलं आणि बंडीच्या खिशात टाकलं. 

त्या दिवशी त्याचं ध्यान कीर्तनात नव्हतं. बुवा बाळकृष्णाच्या गोड खोड्या सांगत होते, बायाबापड्या हसत होत्या, आणि हा तात्यांच्या बंडीच्या खिशाकडे बघत होता. मग बुवा झपकन माईककडे झुकले, त्याच ताकदीनं त्यांनी स्वर लावला, आणि मच्छिंद्रची बोटं पोचायला उशीर झाला. कर्णा किंचाळला. मांडवातली पोरं कानावर हात ठेवून हसली. बुवांनी हसून त्याच्याकडे बघितलं.

"मच्छिंद्रा, गवळणीच्या आधीच बासरी वाजवली का रे?"

मांडव हसला. तात्याही हसले. मच्छिंद्रला जमीन दुभंगावी असं झालं. अख्ख्या सप्ताहात एकदा नाही, आणि नेमकं आजच. त्यानं पेटीच्या कडेला डोकं टेकवलं, मनात म्हटलं, बाबा, तुझ्या पावलांना ब्लेड लावलं न्हाई मी, आता तूच बघ. आणि डोळे मिटून घेतले. डोळे मिटल्यावर मात्र बोटांना पुन्हा ऐकू यायला लागलं. हंडी फुटेपर्यंत कर्णा पुन्हा किंचाळला नाही.

प्रसादाच्या गर्दीत लाह्या-दही सांडलेल्या जमिनीवर नगरवाल्याची दोन-चार कार्डं पडली होती. त्यांच्यावरही कोपऱ्यात नखाएवढा देव होता. त्यावरून पाय चालले होते. मच्छिंद्र वाकला आणि एकेक उचलून धोतराला पुसू लागला. धंद्यातल्या वैऱ्याची कार्डं आपण उचलतोय, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

"काय हुडकताय?" वरून आवाज आला. गोरखतात्या उभे होते, हातात काल्याचा द्रोण.

"राम कृष्ण हरी, तात्या. काय न्हाई. पायाखाली येत हुतं."

"राम कृष्ण हरी. मागल्या साली तुमचा कागद गेला माझ्याकडून. यंदा कार्ड काढलं का न्हाई?"

 नाही म्हणावं, तर वर्ष गेलं. हो म्हणावं, तर दाखवायचं काय? सविता मागे उभी होती. तिनंच पेटीचं झाकण उघडलं, लुगडं सोडलं आणि एक पान बापाच्या हातात दिलं. त्यानं ते तात्यांपुढे धरलं, परीक्षेत नापास झाल्याची गुणपत्रिका धरावी तसं.

तात्यांनी द्रोण भाच्याकडे दिला, हात धोतराला पुसले, चष्मा लावला. "हे कापायचं ऱ्हायलं वाटतं."

"कापता यीना, तात्या."

"का? पट्टी नव्हती?"

मच्छिंद्रनं बोट ठेवलं. घोट्यावर. मग खालच्यावर. मग त्याच्या खालच्यावर. "माझीच चूक. मोठा कर, मोठा कर म्हनत गेलो. आता रेघ पावलातून जाती."

तात्या एकेका घोट्यावरून नजर फिरवत राहिले. नगरवाला पलीकडून बघत होता. भाचा हसू दाबत म्हणाला, "घडी घाला की मामा, खिशात मावंल."

"घडी कंबरेतून जाईल त्याच्या," तात्या म्हणाले, आणि त्यांनी पानाची अलगद सुरळी केली. "अजून आहेत का?"

"हायेत की."

"एक आमच्या देवळाला. एक माझ्या किराणा दुकानात, गल्ल्यामागं. आणि एक शेजारच्या खर्डा गावच्या मंडळींना देतो." मग थांबून म्हणाले, "कर्णा एकदा वरडला आज."

"व्हय," मच्छिंद्र मान खाली घालून म्हणाला.

"बघू. मंडळींशी बोलतो. फोन करतो," असं म्हणून तात्या गेले.

बघू. फोन करतो. ह्या दोन बोलांवर माणसानं काय उभं करावं? पाराच्या पलीकडे आप्पासाहेब मुकादम पान चघळत उभाच होता.

"काय मंग? धरू का कोयता?"

मच्छिंद्रनं लंकाबाईकडे पाहिलं. ती पत्रावळी उचलत होती. तिनं वर न बघताच म्हटलं, "त्यांना काय इचारता, मुकादम. यंदा आमचा कोयता न्हाई. पोरीचा क्लास हाय."

"आन् खानार काय?"

"बघू," लंकाबाई म्हणाली. "फोन येनार हाय."

मच्छिंद्र पेटी उचलून तिच्यामागे निघाला.  घरी आल्यावर म्हणाला, "न्हाई आला तर?"

"मंग मी भांडीन तुमच्या विठ्ठलाशी. दहा हायेत, एखादा तरी ऐकंल."

पुढचे दिवस कसे गेले ते त्यांनाच ठाऊक. दिवाळी झाली. टोळ्यांच्या गाड्या भरून गेल्या, संसार, शेळ्या, पोरं वर बसलेली. मच्छिंद्र कानिफनाथच्या बूथच्या पायरीवर येऊन बसायचा. आत घंटी वाजली की उठायचा, दुसऱ्याचं नाव ऐकून परत टेकायचा. शेवटी कानिफनाथच कंटाळून म्हणाला, "मच्छूदादा, तुमी फोनकडं असं बघता की त्यो लाजून वाजंना झालाय." खंडित पान अजून पेटीतच होतं. मच्छिंद्रनं सविताच्या निळ्या पेननं तळाच्या दोघांची पावलं काढली होती. नीट जमली नव्हती. तरी त्याला त्या दिवसापासून झोप लागायला लागली.

कार्तिक सरत आला तेव्हा एका सकाळी कानिफनाथ रस्त्यातूनच ओरडला, "मच्छूदादा, जामखेडचा फोन. पळा."

तो अनवाणीच पळाला. रिसीव्हर कानाला लावला. तात्यांचा आवाज नव्हता. कोणी बाई होती, म्हातारी, दमलेल्या आवाजाची, आणि मागे टाळ किणकिणत होते.

"कोन बोलतंय? दहा विठ्ठलाचे स्पीकरवाले तुमीच का?"

"व्हय. मीच."

"मी छबूबाई, बायकांच्या भजनी मंडळातली. देवळात तुमचा कागद लावलाय, त्यावरला नंबर फिरवला. आमचा सप्ताह मार्गशीर्षात बसायचाय. तात्या म्हनले, ह्यांनाच सांगा. आन् त्यांचा बी पुढचा सप्ताह हाय, खर्ड्याचा बी हाय. तुमी मोकळे हाय का?"

मच्छिंद्रनं डोळे मिटले. बूथच्या काचेबाहेर लंकाबाई आणि सविता येऊन उभ्या होत्या, त्याच्या तोंडाकडे बघत.

"मोकळा हाय, माय," तो म्हणाला. मग त्याला एकदम आठवलं. "पर एक सांगा. त्यो कागद कुठं लावलाय तुमी? उन्हात न्हाई ना?"

"न्हाई बाबा. गाभाऱ्याशेजारी हाय. का?"

"शाई कच्ची हाय त्याची. वल्ला हात लावू देऊ नका कुनाला."

"बाया रोज पाया पडत्यात की त्याच्या," छबूबाई म्हणाली. "पावलावरली शाई तर कवाच गेली. आमी कुंकू लावून पुन्यांदा काढलीत."